कचरागाडीतला भूप

बुऱ्हाणपुरात माझ्या आजोबांच्या नावाचा एक चौक आहे. रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो "कुठे पडतं हे?" असं विचारतो. मग चौकातल्या मावा जिलेबीच्या दुकानाचं नाव सांगायचं, की तो बरोबर आजोबांच्या पाटीखाली आणून सोडतो.

आजोबा मोठे गवई होते. किती मोठे, हे मला ठाऊक आहे ते इतरांच्या तोंडून, कारण मी जन्मले त्याच्या सहा वर्षं आधी ते गेले. त्यांचा आवाज भारदस्त, खालच्या सप्तकात घुमणारा. त्यांच्यानंतर माझे बाबा. तेही गवई, आवाजही तसाच, नावही तसंच देशभर झालेलं. आणि बाबांनंतर आम्ही दोघं, दादा आणि मी.

बाबांनी दोघांनाही शिकवलं, पण दादाला वारस म्हणून आणि मला लग्न होईपर्यंत म्हणून. दादा बारा वर्षांचा असताना यमन असा गायचा की बाबा डोळे मिटून बसत. मग तो चौदा वर्षांचा झाला आणि त्याचा आवाज फुटला. मुलांचा फुटतोच, आणि वर्षभरात पुन्हा जागेवर येतो. दादाचा आला नाही. तीन वर्षं घरात ज्येष्ठमध, हळदीचं दूध आणि असीरगडच्या एका वैद्याचा काळाकुट्ट काढा चालू होता. आवाज तसाच राहिला, फाटक्या ताडपत्रीसारखा. बाबा खचले. आईनं उपास धरले. दादा मात्र एकदा गच्चीवर मला हळूच म्हणाला, "मला खूप बरं वाटतंय गं. तू कुणाला सांगू नको."

तो केळीच्या धंद्यात गेला. आज त्याचे ट्रक दिल्लीपर्यंत जातात आणि लिलावाच्या गर्दीत त्याच्या त्या आवाजाला फार मान आहे.

मग बाबा माझ्याकडे वळले. बस चुकल्यावर माणूस दुसऱ्या बसकडे वळतो, तसे. माझा आवाज बारीक, सरळ आणि वरच्या पट्टीतला. बाबांनी तो जाड करायचा पुष्कळ प्रयत्न केला. पहाटे खर्ज लावून बसवायचे. मी घसा दाबून खाली उतरायचे आणि ते मान हलवायचे. "आपल्या घरात असा आवाज नाही," ते म्हणत. यात राग नसायचा. एखाद्या मुलाचं नाक घरात कुणासारखंच नसावं आणि बापानं तसं म्हणावं, तसं ते म्हणत.

मी गायला लागले. कार्यक्रमही मिळाले, कारण आडनाव होतं. निवेदक आधी आजोबांबद्दल बोलायचे, मग बाबांबद्दल, मग पुन्हा आजोबांची एखादी आठवण निघायची. एका ठिकाणी हे इतकं लांबलं की मला ठरलेल्या वेळेच्या निम्माच वेळ मिळाला. मी घाईघाईनं राग आवरला. खाली उतरले तर एक वयस्कर गृहस्थ डोळे पुसत पुढे आले.

"आजोबा डोळ्यांसमोर उभे राहिले हो," ते म्हणाले.

मी विचारलं, "तुम्ही ऐकलं होतं त्यांना?"

"नाही. पण अगदी अस्संच गात असणार."

माझ्या आणि आजोबांच्या गाण्यात सारखं असं काही असेल तर ते तंबोऱ्याच्या तारा. पण मी वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पेपरात कार्यक्रमाची बातमी आली. फोटो आजोबांचा होता, त्याखाली नाव माझं.

लग्न गावातच झालं. नवरा गणिताचा शिक्षक. गाण्यातलं त्याला काही कळत नाही, आणि हे तो पहिल्याच भेटीत सांगून मोकळा झाला. आमच्या घरात आलेला तसा तो पहिलाच माणूस. मला एका मुलींच्या शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी लागली. संगीताच्या खोलीत तबला-पेटी होती, खोखोचे खांब होते आणि दुपारच्या जेवणाची मोठी पातेली होती. मी प्रार्थना शिकवली, स्वागतगीतं शिकवली, पंधरा ऑगस्टची तयारी करून घेतली. वर्षातून दोन-तीन कार्यक्रम व्हायचे, पुढे पुढे एक. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. तोवर त्यांनी मैफली सोडल्या होत्या. खुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि मी स्वयंपाक करताना गुणगुणले तर बाहेरून चुका सांगायचे.

असं सगळं चाललं असताना एका रविवारी सकाळी नगर निगमचे, म्हणजे महापालिकेचे, एक अधिकारी घरी येणार असल्याचा फोन आला. गावात नवीन सभागृह बांधून होत आलं होतं. त्याला आजोबांचं नाव द्यावं असं मधून मधून कुणीतरी म्हणत असे. बाबांनी फोन ऐकला आणि रेशमी कुडता काढायला सांगितला. शाल मी नको म्हणत होते, उन्हाळ्याचे दिवस होते. पण त्यांनी शालही घेतली.

अधिकारी तरुण होता, नम्र होता, बरोबर दोन माणसं आणि एक फाईल. त्यानं बाबांच्या पायांना हात लावला.

"बाबूजी, आपके घराने का नाम पूरे देश में है," तो म्हणाला. "हमारी इच्छा है कि इस साल शहर की आवाज़ आपके घर से निकले."

बाबांनी डोळे मिटून मान हलवली. "उद्घाटन कब है?"

"उद्घाटन कुछ नहीं है बाबूजी. एक तारीख से गाड़ियाँ निकलेंगी."

"कौन सी गाड़ियाँ?"

"कचरे की गाड़ियाँ. उनमें गाना बजता है ना. अभी जो बज रहा है वो दूसरे शहर का है, उसमें उनका ही नाम आता है. लोग हँसते हैं."

बाबा उठले, शाल सावरली आणि आतल्या खोलीत गेले. दार लावल्याचा आवाज झाला. अधिकारी माझ्याकडे बघत राहिला.

"मैडम, मुझसे कुछ गलती हो गई क्या?"

"चाय लीजिए," मी म्हटलं आणि त्याच्या हातातला कागद घेतला. गाणं त्यांच्याच ऑफिसातल्या कुणी लिहिलं होतं. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, आणि शेवटी ताप्तीमाईचं नाव. यमक जुळावं म्हणून एका ओळीत केळीची सालंही आली होती. मी विचारलं, "आपको इसमें क्या चाहिए?"

"कुछ नहीं मैडम. बस दूर से साफ़ सुनाई दे. भारी आवाज़ भोंगे में फट जाती है."

दुरून स्वच्छ ऐकू यावं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नेमकं तेच मागत होतं, जे माझ्या आवाजात होतं. मी हो म्हटलं. नवरा शेजारी बसला होता. त्यानं कागद हातात घेऊन नीट वाचला आणि म्हणाला, "निळा डबा आपल्याकडे नाहीये. आणावा लागेल."

चाल त्यांच्याकडे तयार होती, लग्नाच्या वरातीत वाजते तशी. मी ती बाजूला ठेवली आणि दोन दिवस बसून गाणं भूपात बांधलं. भूप पाच सुरांचा राग, लहान मुलांना पहिल्यांदा शिकवतात तो. अवघड काही नाही, पण सूर जरा जरी हलला तरी लगेच कळतं.

रेकॉर्डिंग ज्या स्टुडिओत झालं तिथे एरवी लग्नाचे व्हिडिओ बनतात. मागच्या भिंतीला लागून पॉवरलूम होते. त्यांची खटखट बंद करवायला अधिकाऱ्याला स्वतः जाऊन हात जोडावे लागले. मी एकदा गाऊन दाखवलं. त्याचा चेहरा पडला.

"मैडम, अच्छा है. पर थोड़ा जोश वाला हो जाता तो..."

"लोकांना हे रोज सकाळी ऐकायचंय," मी म्हटलं. "जोश तीन दिवसांत विटतो."

त्याला मराठी कळत होतं. बुऱ्हाणपुरात सगळ्यांनाच कळतं, बोलतात मात्र आपापल्या सोयीनं. त्यानं रेकॉर्डिंगवाल्याला खूण केली. मागून लूम पुन्हा सुरू व्हायच्या आत मी दोनदा गायले आणि काम झालं.

बाबांनी बोलणं बंद केलं, म्हणजे माझ्याशी. नवऱ्यामार्फत निरोप यायचे. मी समोर चहा घेऊन उभी असले तरी ते त्याला म्हणत, "तिला सांगा, साखर कमी आहे." पुण्याहून चुलतबहिणीचा फोन आला. तिनं बराच वेळ घराण्याबद्दल सांगितलं आणि मग विचारलं, "आजोबांना काय वाटलं असतं गं?" मी हे दादाला सांगितलं. तो त्याच्या फाटक्या आवाजात पोटभर हसला. "आजोबांना अख्खं गाव रोज ऐकत होतं का? तिला विचार."

एक तारखेला सकाळी मी पोळ्या लाटत होते. लांबून, मशिदीच्या वळणावरून, माझा आवाज आला. भोंग्यातून थोडा पिपाणीसारखा झालेला, पण सुरात. आधी आवाज आला, मग सडलेल्या भाजीचा वास आला, मग गाडी आली. शेजारणी डबे घेऊन धावल्या. कुणाला पत्ता नव्हता की गाणारी पोळ्या लाटते आहे. आठवडाभर तरी कुणाला कळलं नाही. मग भाजीवालीनं भेंडी तोलताना माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, गाडीत तुम्हीच ना? बोलताना पण तसाच आवाज येतो तुमचा." नंतर ते गावभर झालं.

शाळेत मात्र वेगळीच गोष्ट घडली. सातवीचा एक वर्ग होता, त्यांच्याशी मी वर्षभर डोकं आपटलं होतं. प्रार्थनेतला गंधार त्यांना काही केल्या लागत नसे. एक दिवस खोलीत शिरले तर मुली बाकं बडवत कचरागाडीचं गाणं म्हणत होत्या. गंधार जिथे हवा तिथे, एकही मुलगी घसरली नाही. मी दारातच उभी राहिले. त्या मला पाहून गप्प झाल्या. मी म्हटलं, "थांबलात का? पुढचं म्हणा." मी वर्गात सांगून जे जमलं नव्हतं, ते रोज सकाळी डबा रिकामा करता करता जमून गेलं होतं.

घरी कचरा द्यायचं काम नवऱ्याकडे होतं. एकदा त्याला ताप होता आणि मी अंघोळीला गेलेले. गाडी आली. बाहेर येऊन खिडकीतून पाहते तो बाबा काठी टेकत फाटकाशी उभे, दुसऱ्या हातात दोन्ही डबे. ड्रायव्हरनं डबे रिकामे करून घेतले आणि गाडी पुढे घेतली. अंतरा मध्यावर आला होता.

"रुको," बाबा म्हणाले. "पूरा होने दो."

"बाबूजी, पूरी गली बाकी है."

"बीच में नहीं तोड़ते. सम पर आने दो, फिर जाओ."

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, हे ड्रायव्हरला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसानं काठीवर हात ठेवून असं सांगितलं की ऐकावं लागतं. गाडी उभी राहिली. पुढच्या चार घरांतली माणसं डबे हातात धरून उभी राहिली. गाणं संपलं, बाबांनी हातानं "आता जा" अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशीपासून डबे तेच न्यायला लागले. ड्रायव्हरनंही मार्ग काढला. वळणावरच गाणं पहिल्यापासून लावायचा, म्हणजे आमच्या दाराशी येईपर्यंत ते संपत आलेलं असायचं आणि खोळंबा कमी. असं बारा-पंधरा दिवस चाललं. मग एका सकाळी बाबा डबे धुऊन आत आले आणि थेट माझ्याशी बोलले.

"अंतऱ्यात धैवतावर जास्त थांबतेस."

"तिथे श्वास घ्यावा लागतो," मी म्हटलं.

"मग आधी घे ना." ते खुर्चीत बसले, पेपर उघडला. "बाकी ठीक आहे."

बाबांचे शिष्य परदेशात गातात. त्यांच्यापैकी कुणाला "ठीक आहे" मिळालं असेल तर मला ठाऊक नाही. मला ते कचरागाडीवर मिळालं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

त्या हिवाळ्यात आजोबांच्या स्मृतीचा समारोह झाला. तो दरवर्षी होतो. पहिलं गाणं घरच्या माणसाचं, म्हणजे माझं, आणि नंतर बाहेरगावचे नावाजलेले कलाकार. निवेदकानं नेहमीप्रमाणे आजोबांपासून सुरुवात केली. मागच्या रांगेतून एक बाई दुसरीला सांगताना मला स्पष्ट ऐकू आलं, "अगं, ह्या त्याच, गाडीवाल्या." निवेदकानंही ते ऐकलं असावं, कारण बाबांवर आल्यावर त्यानं थोडक्यात आटपलं.

मी पूरिया धनाश्री गायले. बरा झाला. टाळ्या पडल्या आणि मी तंबोरा ठेवणार तेवढ्यात मधल्या रांगेतून एक शेतकरी उभे राहिले. जसोंडी गावचे होते, दादाकडे केळी घालतात.

"ताई, तेवढं गाडीचं म्हना की."

लोक हसले. आयोजक लगबगीनं पुढे आले, त्यांचे कान लाल झाले होते. मंचाच्या कडेला पाहुणे कलाकार त्यांच्या पाळीची वाट बघत बसले होते. मी पहिल्या रांगेत बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते तबलजीकडे बघत होते आणि मांडीवर बोटांनी मध्यलयीत तीनताल धरत होते.

म्हणून मी गायले. आधी जसं गाडीत आहे तसं, मग थोडं मोकळं सोडून. हिरव्या डब्यावर आलाप केला, सुक्या कचऱ्यावर ताना घेतल्या. ताप्तीमाईच्या ओळीवर आले तेव्हा लोक बरोबर म्हणायला लागले होते. गावातल्या बायका, लूमवरची माणसं, शाळेतल्या माझ्या मुली, सगळ्यांना ते पाठ होतं. मला आयुष्यात एवढ्या लोकांनी एका वेळी साथ दिली नव्हती. बाबांनी समेवर मान हलवली, एकदाच.

खाली उतरल्यावर पाहुणे कलाकार बाबांच्या पाया पडायला आले. फार शब्द त्यांना ऐकू आले नसावेत, किंवा हिंदी बोलीतल्या बंदिशीत कुठले शब्द असायचे याबद्दल त्यांच्या अपेक्षाच कमी असाव्यात. त्यांनी आदरानं विचारलं, "शेवटची भूपातली चीज फार सुंदर होती. घराण्याची जुनी आहे का?"

मी तोंड उघडणार होते.

"हो," बाबा म्हणाले. "घरचीच आहे."

वर्षभरानं तो अधिकारी बदलून गेला. नवीन आले, त्यांनी नवीन गाणं आणलं. चाल लग्नाच्या वरातीची, आवाज कुणा माणसाचा नाहीच, मशीननं बनवलेला. तो मशीनचा आवाज मात्र दणदणीत आणि भारदस्त होता. गल्लीतल्या दोन बायकांनी तक्रार करू असं म्हटलं. आठवड्यानं त्या विसरल्या, आणि पंधरा दिवसांनी त्यातली एक ते नवं गाणं म्हणत कपडे वाळत घालत होती. बाबांनी डबे पुन्हा नवऱ्याच्या हवाली केले. मला काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे पुढचे दोन-तीन महिने गाडी वळणावर आली की माझा हात पोळीवर थांबायचा. शाळेत नव्या सातवीचा गंधार पुन्हा खाली आला.

मग एका शनिवारी दुपारी दार वाजलं. बाहेर एक बाई आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. धूलकोटहून बसनं आल्या होत्या, घरची कापसाची शेती.

"गाडीचं गाणं म्हणणाऱ्या ताई हितंच राहतात का?" बाईंनी विचारलं.

"आता नाही म्हणत," मी म्हटलं. "बदललं ते."

"माहीत हाय. पण ही ऐकत नाही. मागल्या साली मावशीकडं राहिली होती गावात, तवाच डोक्यात बसलंय."

मुलीनं मोबाईल काढला. गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून तिनं गाणं भरून घेतलं होतं. त्यात मोटारसायकली होत्या, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, आणि मध्ये मी. "मला ऐसाच शिकायचं आहे," ती म्हणाली. "फिल्मी नको."

बाबा खुर्चीतून बघत होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं. "हे घर माहीत आहे का तुला, कुणाचं ते?"

"ताईंचं," ती म्हणाली.

"आणखी काय ऐकलंय आमच्याबद्दल?"

तिनं आईकडे पाहिलं, मग प्रामाणिकपणे मान हलवली. "काहीच नाही."

बाबांकडे शिकायला येणारा प्रत्येक जण घराण्याची वंशावळ पाठ करून यायचा. मुलीचं लक्ष भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे गेलं. "ये कौन हैं?" तिनं मला विचारलं.

"माझे आजोबा," मी म्हटलं. "तेही गायचे."

ती आता दर शनिवारी येते. पहिला महिनाभर तिला फक्त ते एकच गाणं हवं होतं. मी तिला नुसता सा लावायला बसवलं, तर ती कंटाळून खिडकीबाहेर बघायची. आता बसते. परवा बस उशिरा आली, ती भर उन्हात स्टँडवरून चालत आली आणि पाणी पिऊन लगेच तंबोरा मागायला लागली. बाबा पेपर घेऊन समोर बसले होते. ती गात होती तेवढा वेळ त्यांनी पान उलटलं नाही.